गणितानंद कापरेकर गुरुजी

थोर गणिती म्हटले की आपल्याला आर्यभट, भास्कराचार्य, रामानुजन ही नावे आठवतात. पण एका गावच्या शाळेत बत्तीस वर्षे मुलांना शिकवता शिकवता ज्यांनी जगाच्या गणितात आपले नाव कायमचे लिहून ठेवले, असे एक गुरुजी आपल्या महाराष्ट्रात होऊन गेले. त्यांचे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. लोक त्यांना प्रेमाने गणितानंद म्हणत. त्यांच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती, मोठी पदवी नव्हती, यंत्रेही नव्हती. होते फक्त एक ते नऊ अंक आणि शून्य. तेवढी भांडवलं तर आपल्या प्रत्येकाच्या दप्तरात आहेत! म्हणूनच त्यांचं चरित्र आपण वाचायला हवं, आणि वाचताना पाटी-पेन्सिल जवळ ठेवायला हवी.

बालपण आणि शिक्षण

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून ते त्या जिल्ह्यात मोडते. दत्तात्रेय आठ वर्षांचे असतानाच त्यांची आई वारली. वडील कारकून होते. त्यांना ज्योतिषाची आवड होती. पत्रिका मांडायची म्हणजे आकडेमोड आलीच. ती आकडेमोड बघत बघत लहानग्या दत्तूला अंकांची गोडी लागली. ठाण्याच्या शाळेत शिकत असताना तो तासन् तास गणिताची कोडी सोडवीत बसे.

पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. तिथे १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. हे पारितोषिक पाठांतरासाठी नव्हते, विद्यार्थ्याने स्वतःच्या डोक्याने काही नवे शोधले तर ते मिळत असे. १९२९ साली ते मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. परीक्षा पास झाले. त्यापुढचे शिक्षण त्यांनी घेतले नाही. १९३० साली ते नाशिकजवळच्या देवळालीला शिक्षक म्हणून रुजू झाले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत शिक्षकच राहिले.

आता कुणाला वाटेल, मग यात थोर काय? नोकरी तर पुष्कळ लोक करतात. थोर हे, की शाळा सुटली तरी गुरुजींचं गणित सुटत नसे. रस्त्याने जाताना, गाडीची वाट बघताना त्यांच्या मनात आकडेच खेळत असत.

डेम्लो स्टेशनातला शोध

त्या काळी मुंबईहून निघणाऱ्या एका रेल्वेला जी. आय. पी. रेल्वे म्हणत. त्या मार्गावर मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर डेम्लो नावाचे स्टेशन होते. आजची डोंबिवली ती हीच, असे सांगतात. त्या स्टेशनात गुरुजींना काही विशेष संख्यांची कल्पना सुचली. दुसऱ्या कुणी त्या संख्यांना राजाचं किंवा स्वतःचं नाव दिलं असतं. गुरुजींनी स्टेशनाचं नाव दिलं. त्या झाल्या डेम्लो संख्या.

डेम्लो संख्या ओळखायची कशी? १६५ ही संख्या घ्या. पहिला अंक १, शेवटचा अंक ५. त्यांची बेरीज ६, आणि मध्ये बसलाय ६! तसेच १६६५, तसेच १६६६५. दोन टोकांची बेरीज केली की मधला अंक मिळतो. जणू आईचा एक हात आणि बापाचा एक हात धरून मूल मध्ये चाललं आहे.

याच घराण्यातल्या काही संख्या गुरुजींना फार आवडल्या. त्यांना त्यांनी नवलाच्या डेम्लो संख्या असे म्हटले, आणि १९३८ साली त्यांच्यावर एक लेख गणिताच्या मासिकात छापून आणला. त्या संख्या अशा मिळतात :

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

नुसते एक लिहीत जायचे आणि त्याच संख्येने गुणायचे. उत्तर जिना चढून पुन्हा उतरल्यासारखे येते. आता नऊ वेळा एक लिहा.

१११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१

किती मोठी आहे ही संख्या?

ही संख्या सतरा अंकी आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत संख्येची अठरा स्थाने सांगितली आहेत. आपल्या आजोबांच्या पिढीला ती तोंडपाठ असत : एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी, दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. आपल्या संख्येचा सगळ्यात डावीकडचा १ हा मध्य या स्थानावर येतो. परार्धाला फक्त एक घर कमी!

आजच्या बोलीत वाचायची तर अशी : एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. दोनदा कोटी आले आहे, ते चुकून आलेले नाही. दर सेकंदाला एक याप्रमाणे रात्रंदिवस मोजत बसलं तर ही संख्या मोजायला सुमारे ३९ कोटी वर्षे लागतील. आणि ती तयार करायला? नऊ एकांचा एक गुणाकार. बस्स.

हा जिना तयार कसा होतो ते पाटीवर करून बघितलं की लगेच कळतं. १११ ला १११ ने गुणताना आपण तीन ओळी मांडतो आणि प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकवतो.

 . . १ १ १
 . १ १ १ .
 १ १ १ . .
 ------------
 १ २ ३ २ १

आता उभी बेरीज करा. कडेच्या घरात एकच १ येतो, शेजारच्या घरात दोन, मधल्या घरात तीन. म्हणून १, २, ३, २, १. नऊ एकांच्या गुणाकारात मधल्या घरात नऊ एक येतात, आणि ९ हा एका घरात मावणारा सगळ्यात मोठा अंक. म्हणून जिना पूर्ण होतो.

मग दहा एक घेतले तर? मधल्या घरात दहा होतात. शून्य लिहून हातचा एक पुढच्या घरात जातो. तिथे आधीच नऊ असतात, त्यांचेही दहा होतात, परत हातचा एक पुढे. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. ही संख्या एकोणीस अंकी, म्हणजे परार्धाच्याही पुढची. पण जिना मोडला. बिचारा आठ तर डावीकडच्या बाजूने गायबच झाला. म्हणून नऊ एकांची संख्या ही या सुंदर जिन्यांतली शेवटची आणि सर्वांत मोठी. तिच्यापुढे हातचा आडवा येतो.

एका संख्येत तीन शोध

कापरेकर गुरुजींनी आयुष्यभरात संख्यांची अनेक घराणी शोधली. त्यांतल्या तीन घराण्यांची या सतरा अंकी संख्येत गाठ पडते. ती कशी, ते आपणच तपासून पाहू.

पहिले घराणे डेम्लोचे. मधला ९ बाजूला ठेवा. डावीकडे राहतात १२३४५६७८ आणि उजवीकडे ८७६५४३२१. त्यांची बेरीज करा. उत्तर येते ९९९९९९९९. सगळे नऊच! दोन टोकांची बेरीज आणि मधला अंक यांचं नातं इथेही जुळलं.

दुसरे घराणे हर्षद संख्यांचे. हर्षद म्हणजे हर्ष देणारी, आनंद देणारी. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, ती हर्षद संख्या. १२ मध्ये १ आणि २ मिळून ३ होतात, आणि ३ ने १२ ला भाग जातो. गुरुजींचे जन्मसाल १९०५ हेसुद्धा हर्षदच आहे. १ + ९ + ० + ५ = १५, आणि १५ × १२७ = १९०५. आता आपल्या मोठ्या संख्येचे अंक मिळवा. एक ते आठ दोनदा येतात, त्यांचे ७२, आणि मधले ९. एकूण ८१. या ८१ ने त्या सतरा अंकी संख्येला भागले तर बाकी शून्य उरते. भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१, आणि हा भागाकार म्हणजे १२३४५६७९ या संख्येचा वर्ग आहे. तोच तो आठ नसलेला आकडा! त्याला ९ ने गुणा, नऊ एक परत मिळतात.

तिसरे घराणे गुरुजींच्या नावाचे, म्हणजे कापरेकर संख्यांचे. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करा, २० आणि २५. बेरीज करा, परत ४५. ५५ चा वर्ग ३०२५, आणि ३० + २५ = ५५. ९९ चा वर्ग ९८०१, आणि ९८ + १ = ९९. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७. संख्येचा वर्ग केला, तोडला, जोडला की ती घरी परत येते. मोठ्या संख्यांतही असे आहे. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९, आणि २०४०८ + १२२४४९ = १४२८५७.

आता आपल्या सतरा अंकी संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने, म्हणजे ८१ नेच गुणा. उत्तर येते ९९९९९९९९८००००००००१. हा आहे ९९९९९९९९९ चा वर्ग. त्याचे नऊ-नऊ अंकांचे दोन तुकडे करा : ९९९९९९९९८ आणि ०००००००१ च्या आधी आणखी एक शून्य, म्हणजे नुसता १. बेरीज ९९९९९९९९९. कापरेकर संख्या!

अजून एक गंमत राहिली. नऊ एकांच्या संख्येचे मूळ अवयव ३ × ३ × ३७ × ३३३६६७ असे आहेत. म्हणून तिच्या वर्गात ३ चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा येतात. त्यावरून त्या सतरा अंकी संख्येला नेमक्या किती संख्यांनी पूर्ण भाग जातो ते काढता येते. प्रत्येकाच्या आवृत्तीत एक मिळवायचा आणि गुणायचे : ५ × ३ × ३ = ४५. आणि ४५ ही तर आत्ताच भेटलेली कापरेकर संख्या.

सगळ्या वाटा ६१७४ ला

गुरुजींचा सगळ्यांत गाजलेला शोध १९४६ सालचा. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा आणि मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तराचे पुन्हा तसेच करा. गुरुजींच्या जन्मसालापासूनच सुरुवात करू, १९०५.

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

आता ६१७४ चे करा. ७६४१ − १४६७ = ६१७४. संख्या जागची हलत नाही! कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तुम्ही ६१७४ ला पोचता. सगळे ओढे शेवटी एकाच नदीला मिळावेत तसे. तीन अंकी संख्या घेतल्या तर मुक्काम ४९५ ला असतो. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत गुरुजींनी हा शोध सांगितला. ६१७४ ला आज सगळे जग कापरेकर स्थिरांक म्हणते.

आणखी एक शोध त्यांनी राहत्या गावाच्या नावे केला. एखाद्या संख्येत तिचेच अंक मिळवले की नवी संख्या जन्माला येते. १५ मध्ये १ आणि ५ मिळवा, २१ येतात. म्हणजे १५ ही २१ ची आई. पण २० ची आई कोण? शोधून बघा, सापडणार नाही. ३१, ४२, ५३ यांनाही आई नाही. अशा आपल्या आपण असणाऱ्या, स्वयंभू संख्यांना त्यांनी देवळाली संख्या असे नाव दिले.

उपेक्षा आणि मान

एवढे सगळे शोधून गुरुजींना काय मिळाले? पुष्कळ वर्षे तर चेष्टाच मिळाली. मोठमोठे गणितज्ञ म्हणत, हा काय पोरखेळ, याचा उपयोग काय. मोठी मासिके त्यांचे लेख सहसा घेत नसत. मग गुरुजी स्वतःच्या खर्चाने लहान लहान पुस्तिका छापीत. गणिताच्या परिषदांनाही पदरमोड करून जात. शिक्षकाचा पगार तो केवढा! त्यातून घर चालवायचे आणि त्यातूनच हे. पण त्यांनी कुणावर राग धरला नाही आणि आकड्यांचा नादही सोडला नाही.

१९६६ साली त्यांच्या पत्नी वारल्या. पेन्शन पुरत नव्हती. उतारवयात ते गणिताच्या आणि विज्ञानाच्या शिकवण्या करून राहिले. तरी शोध चालूच होते.

शेवटी १९७५ साली अमेरिकेतले प्रसिद्ध लेखक मार्टिन गार्डनर यांनी आपल्या मासिकातल्या गणिताच्या सदरात कापरेकरांच्या संख्यांविषयी लिहिले. ते सदर देशोदेशी वाचले जाई. वयाच्या सत्तराव्या वर्षी देवळालीच्या या निवृत्त शिक्षकाचे नाव जगभर झाले. जे हसले होते त्यांच्या पुस्तकांत आता ६१७४ आला. आज कापरेकर संख्यांवर निरनिराळ्या देशांतले अभ्यासक लेख लिहितात, आणि संगणक शिकणाऱ्या मुलांना ६१७४ ची वजाबाकी सरावासाठी देतात.

१९८६ साली देवळालीला कापरेकर गुरुजींचे निधन झाले. त्यांच्या जन्मसालाची वजाबाकी आपण वर केलीच. आता १९८६ ची करून बघा. पहिल्याच पायरीला ९८६१ − १६८९ = ८१७२ येतात, म्हणजे १९०५ च्या दुसऱ्या पायरीवरचीच संख्या. तिथून दोन्ही सालांची वाट एकच.

आपण काय घ्यावे?

गणित म्हटले की आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या पोटात गोळा येतो. उदाहरण चुकेल, मुले हसतील, असे वाटते. गुरुजींना तर परिषदेतली विद्वान माणसे हसली होती. पण ज्या बेरीज, वजाबाकी, गुणाकाराला आपण कंटाळतो, त्यातच त्यांना जन्मभर पुरेल एवढा आनंद सापडला. त्यांना लागले ते सगळे गणित आपल्याला सातवीपर्यंत शिकायला मिळते. फरक एवढाच, की उत्तर आल्यावर आपण वही मिटतो आणि गुरुजी विचारत, असे का आले? दुसऱ्या संख्येचे काय होईल?

पालकांनाही एक विनंती. मूल नुसतेच आकड्यांशी खेळत बसले तर त्याला वेळ फुकट घालवतोस असे म्हणू नका. जवळ बसा. समोरून जाणाऱ्या गाडीच्या पाटीवरचे चार अंक सांगा आणि ६१७४ किती पायऱ्यांत येतो ते दोघे मिळून मोजा.

फळ्याशेजारी कोरा कागद लावला आहे. ज्याला सात पायऱ्या लागणारी संख्या सापडेल त्याने ती वजाबाकीसकट तिथे लिहावी. १९०५ सोडून!

गणितानंद कापरेकर गुरुजींना आमचे विनम्र अभिवादन.